स्ट्राइकफोर्स : सॅन होजेतील एका प्रादेशिक लढत-संस्थेची वाढ आणि लढवय्यांच्या श्रमाचे मोल

प्रस्तावना

मुष्टियुद्धातील ठोसे, किकबॉक्सिंगमधील लाथा, कुस्तीतील पकडी आणि ज्युजित्सूमधील सांधे व गळा आवळण्याचे डाव या सर्वांना एकाच लढतीत मुभा देणारा क्रीडाप्रकार म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स. जाळीच्या बंदिस्त पिंजऱ्यात होणाऱ्या या लढतींचे दृश्य रूप दूरचित्रवाणीमुळे सर्वदूर पोहोचले आहे. परंतु त्यामागील आर्थिक संघटनाची चर्चा क्रीडाविषयक लेखनात अभावानेच आढळते. व्यावसायिक पातळीवर या खेळात लढतीची जोडी ठरविणे, लढवय्यांशी करार करणे, तिकिटे विकणे, प्रक्षेपणाचे हक्क देणे आणि अजिंक्यपदाचा पट्टा बहाल करणे ही सर्व कामे एकच खासगी संस्था करते. तिलाच 'प्रमोशन' म्हणतात. जोडी लावणारी यात्रा कमिटी, तिकीट विकणारा ठेकेदार आणि मानाचा किताब देणारी कुस्तीगीर परिषद या तिघांचेही अधिकार एकाच कंपनीच्या हाती एकवटले, तर जी व्यवस्था निर्माण होईल तिच्याशी हिचे साम्य आहे. अशा व्यवस्थेत पट्टा हा खेळातील सन्मान असतोच, परंतु त्याचबरोबर तो कंपनीच्या मालमत्तेचा भागही असतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे या शहरात वाढलेल्या 'स्ट्राइकफोर्स' या संस्थेचा विचार केला आहे. मार्च २००६ ते जानेवारी २०१३ हा तिचा मिश्र मार्शल आर्ट्समधील कालखंड. एका शहरापुरती असलेली ही संस्था अल्पावधीत या खेळातील दुसऱ्या क्रमांकाची अमेरिकन संस्था झाली आणि त्यानंतर तितक्याच वेगाने नाहीशी झाली. या वाढीचे श्रेय सामान्यतः तिच्या चालकाच्या कल्पकतेला दिले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही; तथापि कायदा, भूगोल आणि स्थलांतरितांची वस्ती या तीन गोष्टी वगळून ही वाढ समजत नाही. त्याचप्रमाणे तिच्या अस्ताचे परिणाम पिंजऱ्याच्या आत न पाहता करारपत्रांत पाहावे लागतात.

कायद्याचे कुंपण

या खेळाचा आधुनिक अमेरिकन आरंभ १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' अर्थात यूएफसीच्या पहिल्या स्पर्धेपासून मानला जातो. आरंभीच्या त्या लढतींना वजनगट नव्हते आणि नियमही नाममात्र होते. सिनेटर जॉन मॅक्केन यांनी या प्रकाराची तुलना कोंबड्यांच्या झुंजीशी केली आणि अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली. केबल कंपन्यांनीही प्रक्षेपणाकडे पाठ फिरविली. पुढे न्यू जर्सी राज्याने सन २००० मध्ये या लढतींना नियंत्रित परवानगी दिली आणि त्यातूनच वजनगट, फेऱ्यांची मर्यादा, निषिद्ध डाव व वैद्यकीय तपासणी यांचे समान नियम आकारास आले. खेळाला प्रतिष्ठा मिळाली ती या नियमांमुळे, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. कारण या व्यवसायाचे प्रवर्तक शासकीय नियंत्रणाविषयी पुष्कळदा तक्रारीच्या सुरात बोलत असतात.

कॅलिफोर्नियात परिस्थिती चमत्कारिक होती. लढवय्ये, तालमी आणि प्रेक्षक यांची तेथे वाण नव्हती. पण राज्याच्या नियामक आयोगाचे नियम अंमलात येण्यास २००५ चे अखेर उजाडले. तोपर्यंत लढती होत त्या मूलनिवासी अमेरिकन जमातींच्या राखीव भूमीवर. या भूमीवर जमातींचे मर्यादित सार्वभौमत्व चालत असल्याने राज्याचा क्रीडा आयोग तेथे आडवा येत नसे. दक्षिण कॅलिफोर्नियातील सोबोबा जमातीच्या कॅसिनोत 'किंग ऑफ द केज' आणि लमूर येथील ताची पॅलेसमध्ये 'वर्ल्ड एक्स्ट्रीम केजफायटिंग' अर्थात डब्ल्यूईसी या संस्थांनी आपले बस्तान अशा रीतीने बसविले. जुगाराच्या टेबलांपासून हाकेच्या अंतरावर, शहरांपासून दूर, काही हजार प्रेक्षकांपुढे होणाऱ्या या लढतींत पुढील काळातील अनेक नामवंतांची उमेदवारी झाली. या संस्थांची वाढ एका मर्यादेपलीकडे गेली नाही याचे कारण प्रेक्षकांची उदासीनता नव्हते. जेथे कायदा परवानगी देत होता तेथे मोठे सभागृह नव्हते आणि जेथे मोठे सभागृह होते तेथे कायदा परवानगी देत नव्हता, ही खरी अडचण होती.

नियम अंमलात आले आणि ही अडचण एका रात्रीत दूर झाली. त्या क्षणी शहरातील मोठ्या सभागृहाशी आधीपासून संबंध असलेला आयोजक कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

घरचे मैदान

तो आयोजक म्हणजे स्कॉट कोकर. तायक्वांदोच्या परंपरेत घडलेल्या कोकर यांनी १९८५ पासून सॅन होजे परिसरात किकबॉक्सिंगचे सामने भरविले होते. 'स्ट्राइकफोर्स' हे नावही मूळचे किकबॉक्सिंगचेच. दोन दशके एकाच शहरात तिकिटे विकताना कोणत्या वस्तीतून प्रेक्षक येतो, कोणत्या तालमीचे विद्यार्थी गटाने येतात, कोणता परदेशी पाहुणा फलकावर शोभतो पण तिकीट खपवीत नाही, याचे जे ज्ञान साठते ते कोणत्याही बाजार-सर्वेक्षणातून मिळत नाही.

१० मार्च २००६ रोजी सॅन होजेच्या एच. पी. पॅव्हिलियनमध्ये स्ट्राइकफोर्सची मिश्र मार्शल आर्ट्सची पहिली स्पर्धा झाली. नव्या नियमांखालील राज्यातील ही पहिलीच स्पर्धा. उपस्थिती १८,२६५, म्हणजे त्या वेळचा उत्तर अमेरिकेतील विक्रम. यूएफसीसारख्या देशव्यापी संस्थेला जे तोवर साधले नव्हते ते एका शहरापुरत्या नवख्या संस्थेने पहिल्या रात्री साधले. मुख्य लढत फ्रँक शॅमरॉक आणि सीझर ग्रेसी यांची होती आणि ती अवघ्या २१ सेकंदांत शॅमरॉकच्या ठोशाने संपली. क्रीडादृष्ट्या पाहता ती विजोड होती. शॅमरॉक हा यूएफसीचा माजी विजेता; ग्रेसी हे नामांकित वस्ताद खरे, पण व्यावसायिक पिंजऱ्यात ते प्रथमच उतरत होते. मग अठरा हजार लोक कशासाठी आले?

याचे उत्तर तालमींच्या भूगोलात आहे. सॅन होजे शहरात 'अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमी' ही जावियर मेंडेझ यांची तालीम होती. तेथून थोड्या तासांच्या परिघात सीझर ग्रेसी यांची तालीम होती आणि तिच्यात स्टॉकटनचे निक व नेट डियाझ हे बंधू, सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट मेलेंडेझ, जेक शील्ड्स अशी मातब्बर मंडळी घडत होती. कोल्हापुरात दोन पेठांच्या तालमी समोरासमोर याव्यात, तसाच हा प्रकार. प्रेक्षक केवळ दोन व्यक्तींची लढत पाहावयास आला नव्हता. आपल्या बाजूची लढत पाहावयास आला होता. त्याच रात्री सॅन होजेचा जोश थॉमसन हलक्या वजनगटाच्या पट्ट्यासाठी लढला आणि बाहेरून आलेल्या क्ले ग्वीडाकडून हरला. जून २००६ मध्ये मेलेंडेझने ग्वीडाला हरवून तो पट्टा परिसरात परत आणला. पुढे थॉमसन आणि मेलेंडेझ यांच्या २००८, २००९ आणि २०१२ अशा तीन लढती झाल्या. पहिली थॉमसनने, उरलेल्या दोन मेलेंडेझने जिंकल्या. स्थानिक चुरस हे किती टिकाऊ भांडवल असते, हे या त्रिकुटावरून दिसते.

दुसरा घटक स्थलांतरितांचा. सॅन होजेमध्ये व्हिएतनामी वंशाच्या लोकांची एक लाखाहून अधिक वस्ती असून व्हिएतनामबाहेरील कोणत्याही एका शहरातील ती सर्वांत मोठी गणली जाते. कुंग ली हा या समाजाचा लाडका वीर. १९७२ मध्ये सायगाव येथे जन्मलेला ली १९७५ मध्ये शहराच्या पाडावाच्या सुमारास मातेसमवेत देशाबाहेर पडला आणि सॅन होजेत वाढला. सान्दा या चिनी लढतप्रकारात त्याने नाव मिळविले होते. समोरच्याला कात्रीत पकडून पाडणारी त्याची लाथ पाहण्यासाठी लोक तिकीट काढीत. मिश्र मार्शल आर्ट्समधील त्याची पहिली लढत स्ट्राइकफोर्सच्या पहिल्याच रात्री झाली. २९ मार्च २००८ रोजी त्याची गाठ शॅमरॉकशी पडली. शहरातील दोन नावे, मधल्या वजनगटाचा पट्टा आणि सोळा हजारांवर प्रेक्षक. लीच्या लाथा अडविताना शॅमरॉकच्या हाताचे हाड मोडले आणि तिसऱ्या फेरीनंतर तो पुढे लढू शकला नाही. लीने पट्टा जिंकला खरा, पण तो एकदाही राखला नाही. चित्रपटांच्या कामात तो गुंतला आणि २००९ मध्ये पट्टा सोडून दिला. स्थानिक वीर संस्थेला मोठे करतो. मात्र तो संस्थेचा नोकर नसतो, हे या घटनेतून स्पष्ट होते.

सभागृहाचे व्यवस्थापन आणि आइस हॉकीचा सॅन होजे शार्क्स हा संघ ज्यांच्याकडे होता, ती 'सिलिकॉन व्हॅली स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंट' ही कंपनी स्ट्राइकफोर्समध्ये भागीदार झाली. सभागृहाचा चालक आणि आयोजक एकाच बाजूला आल्याने भाडे, तारखा, जाहिरात यांचे गणित सोपे झाले. या टप्प्यापर्यंत संस्थेचे मुख्य उत्पन्न दारावरच्या तिकिटांचे होते आणि म्हणून तिचे उत्तरदायित्वही प्रामुख्याने त्या एका शहरातील प्रेक्षकांशी होते.

दूरचित्रवाणीचे दार

तिकिटांवर चालणाऱ्या संस्थेची वाढ सभागृहाच्या खुर्च्यांपाशी थांबते. पुढे जायचे तर प्रक्षेपण हवे. २००८ मध्ये एनबीसी वाहिनीने स्ट्राइकफोर्सला रात्री उशिराची छोटी वेळ दिली. पण खरी संधी मिळाली ती प्रतिस्पर्ध्याच्या दिवाळखोरीतून. 'एलिटएक्ससी' या संस्थेने ३१ मे २००८ रोजी सीबीएस वाहिनीवर मुख्य वेळेत हा खेळ प्रथमच दाखविला होता. तिचा सारा डोलारा इंटरनेटवरील रस्त्यावरच्या मारामाऱ्यांच्या चित्रफितींतून प्रसिद्ध झालेल्या किम्बो स्लाइस या एका नावावर उभा होता. ४ ऑक्टोबर २००८ रोजी ऐनवेळी बदललेल्या प्रतिस्पर्ध्याने, सेथ पेट्रुझेली याने, त्याला १४ सेकंदांत हरविले आणि त्याच महिन्यात संस्थेने आपला कारभार गुंडाळला. फेब्रुवारी २००९ मध्ये स्ट्राइकफोर्सने तिच्या मालक कंपनीकडून अनेक लढवय्यांचे करार विकत घेतले आणि शोटाइम वाहिनीशी करार केला. ११ एप्रिल २००९ रोजी शोटाइमवरील पहिली स्पर्धा सॅन होजेतच झाली. निक डियाझने शॅमरॉकला दुसऱ्या फेरीत हरविले. ग्रेसी यांच्या शिष्याने गुरूचा हिशेब चुकता केला, असे स्थानिक प्रेक्षकांना वाटले असल्यास नवल नाही.

या विकत घेतलेल्या करारांतच महिलांची नावे होती आणि या संस्थेच्या इतिहासातील बहुधा सर्वांत टिकाऊ योगदान तेथे आहे. १५ ऑगस्ट २००९ रोजी सॅन होजेमध्ये जीना कॅरानो आणि ब्राझीलची क्रिस 'सायबॉर्ग' यांची लढत मुख्य लढत म्हणून ठेवण्यात आली. एखाद्या मोठ्या संस्थेच्या स्पर्धेचे शीर्षस्थान दोन महिलांना मिळण्याची ही पहिलीच वेळ. तोवर महिलांच्या फेऱ्या सामान्यतः तीन मिनिटांच्या असत. येथे पुरुषांप्रमाणेच पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या ठरल्या. सायबॉर्गने पहिल्या फेरीचा अखेरचा एक सेकंद उरला असताना विजय मिळविला. यूएफसीचे अध्यक्ष डेना व्हाइट यांनी जानेवारी २०११ मध्येही महिलांना आपल्या संस्थेत स्थान मिळणार नाही असे सांगितले होते. ३ मार्च २०१२ रोजी रोंडा राउझीने मिशा टेटकडून स्ट्राइकफोर्सचा पट्टा जिंकला आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत, २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, तीच राउझी यूएफसीच्या मुख्य लढतीत उतरली. व्हाइट यांचे मतपरिवर्तन झाले, असे याचे वर्णन केले जाते. वस्तुतः प्रेक्षकवर्ग अन्यत्र सिद्ध झाला होता, तो तयार स्थितीत हाती आला, एवढेच.

शोटाइमच्या कराराने संस्थेचे स्वरूप बदलले. स्पर्धा शिकागोजवळ, नॅशव्हिलला, न्यू जर्सीला होऊ लागल्या. वाहिनीला देशभर ओळखीची नावे हवी होती. सॅन होजेच्या दोन तालमींच्या वैराचे न्यू जर्सीतील प्रेक्षकाला काय मोल? २००९ मध्ये संस्थेने रशियाचा फेडोर इमेलियानेंको याच्याशी करार केला. जवळजवळ दशकभर अपराजित असलेला हा जड वजनगटातील योद्धा यूएफसीला हवा होता. पण त्याचे व्यवस्थापन करणारी 'एम-१ ग्लोबल' ही कंपनी सहआयोजनाचा हक्क मागत होती आणि यूएफसीने तो नाकारला. स्ट्राइकफोर्सने मान्य केला. म्हणजे आपल्या सर्वांत महागड्या लढतींचे आयोजन तिला दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावे लागले. २६ जून २०१० रोजी सॅन होजेतच फाब्रिसिओ वेर्दुमने फेडोरला ६९ सेकंदांत शरण आणले. त्यापूर्वी १७ एप्रिल २०१० रोजी नॅशव्हिलला सीबीएससाठी तीन अजिंक्यपदाच्या लढती ठेवल्या होत्या. तिन्ही पूर्ण पाच फेऱ्या चालल्या, वेळापत्रक कोलमडले आणि शेवटच्या लढतीनंतर पिंजऱ्यातच दोन गटांत थेट प्रक्षेपणात हाणामारी झाली. सीबीएसने स्ट्राइकफोर्सला पुन्हा बोलाविले नाही.

दोन ग्राहकांचा बाजार

नॅशव्हिलच्या त्या शेवटच्या लढतीतील दोन नावे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. डॅन हेंडरसन २००९ मध्ये यूएफसीशी बोलणी फिसकटल्यावर स्ट्राइकफोर्सकडे आला होता. त्याला हरविणारा पट्टाधारी जेक शील्ड्स त्याच वर्षी करार संपताच स्ट्राइकफोर्स सोडून यूएफसीकडे गेला आणि ३० एप्रिल २०११ रोजी टोरांटो येथे पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे जॉर्ज सेंट-पिएरविरुद्ध लढला. एक इकडून तिकडे, दुसरा तिकडून इकडे. दोघांनाही आपले श्रम विकण्यासाठी दोन दारे उपलब्ध होती. श्रमाच्या बाजारात किमान दोन ग्राहक असले की किंमत ठरविताना बोलता येते. एकच ग्राहक उरला की त्याने देऊ केलेली किंमत स्वीकारणे किंवा धंदा सोडणे एवढेच पर्याय राहतात. अर्थशास्त्रात या दुसऱ्या स्थितीला क्रेता-मक्तेदारी म्हणतात. मक्तेदारीत विक्रेता एक असतो, येथे खरेदीदार एक असतो.

स्ट्राइकफोर्सचे करार तुलनेने सैल असत. तिचे पट्टाधारी जपानमध्ये जाऊन इतर संस्थांच्या स्पर्धांत लढत. मेलेंडेझ पट्टाधारी असताना ३१ डिसेंबर २००७ रोजी जपानमध्ये हरला. अलिस्टर ओव्हरीम याने नोव्हेंबर २००७ मध्ये जड वजनगटाचा पट्टा जिंकला आणि तो प्रथम राखण्यासाठी मे २०१० उजाडले. मधल्या काळात तो बहुतांशी जपानमध्ये लढत होता आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याने के-वन ही किकबॉक्सिंगची मोठी स्पर्धाही जिंकली. संस्थेच्या दृष्टीने हा गलथानपणा होता. पट्टे धूळ खात पडले, प्रेक्षकाला विजेता कोण याचा विसर पडला. लढवय्याच्या दृष्टीने मात्र तेच स्वातंत्र्य होते. स्ट्राइकफोर्सच्या व्यवस्थापनावर समीक्षकांनी केलेली टीका वाचताना हा दुसरा पैलू सहसा नजरेआड होतो.

विक्री

यूएफसीची मालक कंपनी झुफा हिने जानेवारी २००१ मध्ये यूएफसी २० लाख डॉलरना विकत घेतली होती. डिसेंबर २००६ मध्ये तिने डब्ल्यूईसी घेतली. २००७ मध्ये जपानची प्राइड घेतली आणि ती लवकरच बंद पडली. १२ मार्च २०११ रोजी तिने स्ट्राइकफोर्सही घेतल्याचे जाहीर झाले. कोकर यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे त्यांच्या भागीदारांना या व्यवसायातून बाहेर पडावयाचे होते. सभागृह आणि हॉकी संघ हा ज्यांचा मूळ व्यवसाय, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्धच होता. एका शहरातील तिकिटांवर चालणारी संस्था लहान राहते, पण तिचा तोटाही मर्यादित असतो. देशव्यापी झालेल्या संस्थेला वाहिनीला पुरेल इतके ताऱ्यांचे दल पोसावे लागते, आणि त्यासाठी लागणारे भांडवल हॉकी संघाच्या चालकांनी किती काळ घालावे?

विक्रीनंतर काही काळ संस्था वेगळ्या नावाने चालली. जड वजनगटाची स्पर्धा आधीच सुरू झाली होती. तिची अंतिम लढत १९ मे २०१२ रोजी सॅन होजेत झाली. ओव्हरीमच्या जागी बदली म्हणून आलेला डॅनियल कॉर्मिअर जॉश बार्नेटला हरवून विजेता ठरला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीत चौथा आलेला हा मल्ल अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमीत तयार झालेला होता. त्याच रात्री थॉमसन आणि मेलेंडेझ यांची तिसरी लढतही झाली. म्हणजे सहा वर्षांनंतर, मालक बदलल्यावरही, सॅन होजेच्या सभागृहात लोकांना पाहावयाचे होते ते आपल्या तालमीचे लोक. १२ जानेवारी २०१३ रोजी ओक्लाहोमा सिटीत अखेरची स्पर्धा झाली आणि नाव पुसले गेले.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने झुफाच्या या खरेदीची चौकशी केली होती. जानेवारी २०१२ मध्ये ती कोणत्याही कारवाईविना बंद करण्यात आली.

न्यायालयात

१६ डिसेंबर २०१४ रोजी झुफाविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा सामूहिक दावा दाखल झाला. तो दाखल झाला सॅन होजे येथील फेडरल न्यायालयात आणि प्रथम वादी होता कुंग ली. त्याच्यासोबत नेट क्वारी आणि अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमीचाच जॉन फिच होता. झुफाने दीर्घ मुदतीचे व एकनिष्ठतेचे करार आणि प्रतिस्पर्धी संस्थांची खरेदी यांच्या योगे लढवय्यांच्या सेवांचा बाजार आपल्या ताब्यात घेतला आणि त्यामुळे मानधन कृत्रिमरीत्या दडपले गेले, असा वादींचा आरोप होता. स्ट्राइकफोर्सची खरेदी हा त्या आरोपातील प्रमुख दाखल्यांपैकी एक. यूएफसीच्या उत्पन्नापैकी सुमारे २० टक्केच लढवय्यांना मिळतात, तर अमेरिकेतील बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, ही तुलना वादींनी पुढे केली. त्या खेळांत खेळाडूंच्या संघटना आहेत, येथे नाही, हा फरकही ध्यानात घ्यावा लागतो. झुफाने आरोप नाकारले. आपल्या गुंतवणुकीमुळेच खेळ वाढला आणि मानधनही वाढत गेले, असे तिचे म्हणणे होते. आणि २०१६ मध्ये यूएफसी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली हे पाहता खेळ वाढला याबाबत वाद नाही. वाढीतील वाटा कोणाचा किती, हा वाद होता.

दावा पुढे नेवाडातील न्यायालयात वर्ग झाला. न्यायाधीश रिचर्ड बूलवेअर यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये त्यास सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात यूएफसीसाठी लढलेले एक हजाराहून अधिक लढवय्ये त्यात समाविष्ट होते. या खेळासोबतच आणखी एका दाव्याचाही निकाल लावणारी ३३ कोटी ५० लाख डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये फेटाळली. केवळ या दाव्यापुरती ३७ कोटी ५० लाख डॉलरची दुसरी तडजोड फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिमतः मंजूर झाली. तडजोडीत दोष मान्य केला जात नाही, त्यामुळे स्ट्राइकफोर्सची खरेदी कायद्याविरुद्ध होती किंवा नव्हती याचा न्यायनिर्णय झालेला नाही. २०१७ नंतरच्या लढवय्यांचा स्वतंत्र दावा या तडजोडीबाहेर ठेवण्यात आला.

दरम्यान प्रादेशिक संस्थांचे कार्यही बदलले. २०१७ मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून निर्माण झालेली 'लेगसी फायटिंग अलायन्स' किंवा ब्रिटनमधील 'केज वॉरियर्स' यांसारख्या संस्था आपली ओळख यूएफसीची पायरी म्हणून उघडपणे सांगतात. यूएफसीचे बोलावणे आल्यास लढवय्याला मधूनच मुक्त करण्याची मुभा अशा संस्थांच्या करारांत सर्रास असते. होतकरू मल्लाच्या दृष्टीने ही सोय आहे. परंतु वरच्या पातळीवर दुसरे दार उघडण्याचे काम ही व्यवस्था करीत नाही, तशी तिची अपेक्षाही नसते. कोकर स्वतः जून २०१४ मध्ये 'बेलाटॉर' या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी सॅन होजेच्या त्याच सभागृहात, आता त्याचे नाव एसएपी सेंटर झाले होते, किकबॉक्सिंग आणि मिश्र मार्शल आर्ट्स यांची एकत्र रात्र भरविली. बेलाटॉरही नोव्हेंबर २०२३ मध्ये 'प्रोफेशनल फायटर्स लीग' या दुसऱ्या संस्थेने विकत घेतली.